कचेरीतली पथ्याची साथ

आमच्या कचेरीत पथ्याची साथ आली ती एका माणसाच्या बदलीबरोबर. त्याआधी आम्ही तिघं ठणठणीत होतो आणि एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवत होतो.

परभणीतली ती एक सरकारी कचेरी. कुठली, ते सांगून उपयोग नाही. तेव्हाच्या बहुतेक कचेऱ्या तशाच होत्या. दुपारी दोन टेबलं जोडायची, कालचा पेपर पसरायचा आणि डबे उघडायचे. भाकरी ज्याची त्याची, कालवण मात्र मध्ये. ज्याला जे आवडेल ते त्यानं बुडवून खावं, असा रिवाज होता. तो कुणी पाडला ठाऊक नाही, पण त्याचा आम्हाला भारी अभिमान होता. घरच्यासारखं वातावरण आहे, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो.

आमचे बडेबाबू माळकरी. त्यांना कांदा चालत नसे, लसूण चालत नसे. माझ्या डब्यात लसणाची आमटी असली की ते पाकळ्या बाजूला सारून रस्सा घेत आणि म्हणत, रस्सा म्हणजे काय, पाणीच. ठेकेदाराच्या घरून तुपाचा डबा आला तर तो कुठल्या घरातला, कुणाच्या हातचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दुसरा आमचा ट्रेसर, नकाशे काढणारा. तो सगळं खायचा, पण घराच्या चुलीवर मटण चढलं की घर बाटतं, असं त्याचं मत. मटण अंगणात, तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात आणि पुरुषानं रांधलेलं पाहिजे. येलदरीच्या धरणावर कामाला गेला की मात्र भोयांनी तळलेले मासे तो काठावर उभा राहून, हातसुद्धा न धुता खायचा. उघड्यावर विटाळ नसतो, म्हणायचा.

मला हसायचा अधिकार नाही. आमचं गाव वालूरच्या पलीकडं, घर शेतकऱ्याचं, आणि आमच्याकडंही तीच तऱ्हा. मटण वडील रांधायचे, अंगणात. आई त्या पातेल्याला शिवत नसे. उंबऱ्याच्या आतून वाटी मात्र पुढं करायची.

म्हणजे शुद्ध खाणं कशाला म्हणायचं, यावर आम्हा तिघांचं कधीच एकमत नव्हतं. ते पहिल्यांदा झालं नवीन कारकून आला त्या दिवशी.

तो सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. वयानं माझ्याएवढा, अंगात धुतलेला पांढरा सदरा, अक्षर फार सुरेख. हजेरीपटावर त्याचं आडनाव चढलं आणि सगळ्यांना कळायचं ते कळलं. दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही यावरून हॉटेलात, एस.टी.त, लग्नाच्या मांडवातसुद्धा भांडणं व्हायची. खेड्यांमधून घरं जळाली होती. त्यातलं एक त्याच्या बापाचं होतं, हे त्यानं कधी सांगितलं नाही. दुसऱ्याच कुणाकडून मला कळलं.

कचेरीत जेवणाची पद्धत काय, हे त्यानं आल्याआल्या शिपायाला विचारून घेतलं होतं. त्यामुळं पहिल्याच दिवशी त्याचा डबा मोठा. बसल्यावर त्यानं वरची वाटी काढली आणि मध्ये सरकवली. अंबाडीची भाजी होती, वर तेलात लाल केलेला लसूण ओतलेला. वास असा की भूक नसलेल्याला लागावी.

"घ्या की, साहेब," तो बडेबाबूंना म्हणाला. "घरच्यांनी मुद्दाम जास्तीचं दिलंय."

बडेबाबू टेबलावरच्या पेपरातली एक जुनी जाहिरात वाचू लागले. ट्रेसरला एकाएकी कुणाला तरी भेटायचं आठवलं. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि हात पुढं गेलेला होता. तो मी लोणच्याकडं वळवला.

दुसऱ्या दिवसापासून दुखणी सुरू झाली.

जात काढायची सोय नव्हती. कायद्याचं भय होतंच, शिवाय आम्ही स्वतःला पुढारलेले समजत होतो. तेव्हा आम्ही वैद्यकाला शरण गेलो. बडेबाबूंनी निसर्गोपचाराचं एक पुस्तक कुठून तरी पैदा केलं आणि शुद्ध आहार सुरू केला. उकडलेला दुधी, मोड आलेली मटकी, मीठ नावाला. शुद्ध आहार एकांतात घ्यावा, चार वास एकत्र आले की त्याचा गुण जातो, असं पुस्तकात लिहिल्याचं त्यांनी सांगितलं आणि आपलं ताट खिडकीपाशी नेलं. ट्रेसरला उष्णता झाली, तेल-तिखट बंद. मला ॲसिडिटी झाली. तो शब्द तेव्हा आमच्याकडं नवीन होता. औषधाच्या दुकानात कानावर पडला आणि मी तो उचलला. शब्दही नवा, दुखणंही नवं.

या बनावाची खुबी अशी की एकाचं पथ्य दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळं कुणी कुणाचं काही घ्यायचं नाही, हे ओघानंच आलं. नवीन कारकुनाचंही नाही. कुणी कुणाला दुखावलं नव्हतं. सगळं प्रकृतीच्या कारणानं.

पण खोट्या दुखण्यालाही खरं पथ्य लागतं, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. मी घरी ॲसिडिटीचं सांगितल्यावर बायकोनं ते मनावर घेतलं. डब्यात फिकं वरण, घरी रात्री फिकं वरण. मुलं ठेचा खायची आणि मी ताकात भाकरी कुस्करायचो. ट्रेसरची तीच गत. मग एका रविवारी स्टेशनजवळच्या खानावळीत मी मटणाच्या ताटावर वाकलेलो असताना समोरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. वर बघितलं तर ट्रेसर.

"पथ्य कसं चालू हाय?" त्यानं विचारलं.

"लय कडक," मी म्हणालो.

"माजं बी," तो म्हणाला आणि त्यानं दोन भाकरी जास्तीच्या सांगितल्या.

आम्ही मनसोक्त हसलो. त्या खानावळीत आचारी कोण, पीठ कोण मळतं, ताटं कोण विसळतं, हे आम्ही दोघांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तर्री लाल असली की सगळं शुद्ध.

इकडं नवीन कारकून रोज वाटी मध्ये ठेवतच होता. आमच्या दुखण्यांवर पहिले काही दिवस त्यानं विश्वास ठेवला, निदान तसं दाखवलं. मला ओव्याचा फायदा होतो का, असं त्यानं एकदा काळजीनं विचारलं. जेवण झालं की तो वाटीवर झाकण लावायचा आणि भरलेलीच पिशवीत ठेवायचा. घरी बायको विचारते, कालवण उरलं कसं, असं तो एकदा म्हणाला. मग त्यानं तिला आमच्या पथ्यांचं सांगितलं. तरी ती रोज जास्तीचं देतच राहिली. एखाद्याला बरं वाटलं तर असावं म्हणून. त्याला आमच्याकडून बाकी काही नको होतं. त्या वाटीतलं बोटभर कालवण आमच्यापैकी कुणीतरी घ्यावं, एवढंच.

ते आमच्यानं झालं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि ट्रेसरचा नि माझाही डबा हळूहळू बडेबाबूंच्या खिडकीपाशी सरकला.

मग त्यानं गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि रविवारी दुपारचं जेवण ठेवलं. रीतसर तिघांनाही आमंत्रण. बडेबाबू म्हणाले, आमचा आहार तुम्हाला झेपायचा नाही, उगीच तुमची पंचाईत. ट्रेसरला नेमकं धरणावर जायचं होतं. संध्याकाळी मी सायकल काढत असताना नवीन कारकून माझ्यापाशी आला.

"त्यांचं मला कळतंय," तो म्हणाला. "तुमी तरी या. गावाकडचे समदे यायलेत, माजा बाप यायलाय. त्यांच्यासमोर कचेरीतलं कुनी एक ताटावर दिसलं पाहिजे."

मी येतो म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. घरी जाता जाता मी ठरवूनही टाकलं: पंगतीत बसायचं, मटण खायचं, दुसऱ्यांदा मागून घ्यायचं आणि ॲसिडिटीचा शब्द काढायचा नाही. या निश्चयानं माझी छाती अशी फुगली, जसं काही मी एकट्यानं विद्यापीठाचं नाव बदलून येणार होतो. बायकोला मात्र कचेरीचं काम आहे म्हणून सांगितलं.

रविवारी गेलो. दारात मांडव, मांडवात पंगत बसलेली. पत्रावळ्या, भाकऱ्यांच्या चवडी, आणि एका कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात रटरटणारं लाल कालवण. मी चपला काढून पंगतीकडं वळलो तर नवीन कारकुनानं माझा हात धरला आणि मला आतल्या खोलीत नेलं. तिथं टेबल, त्यावर धुतलेली चादर, एक खुर्ची आणि स्टीलचं कोरं ताट. त्याची बायको पुढं आली. डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर कौतुक. तिनं ताटात वाढलं ते मुगाची खिचडी आणि उकडलेला दुधी.

"येगळ्या पातेल्यात केलंय, भाऊ," ती म्हणाली. "मिरची न्हाई, लसूण न्हाई, तेल बी न्हाई. पातेलं बी नवंच हाय. शेजारीन दवाखान्यात कामाला जाती, तिला इचारून घेतलं."

मी म्हणालो, थोडं कालवण चालेल मला.

"आज चालंल म्हनताल अन् रातच्याला पोट धरून बसताल. आमच्या घरचं खाऊन दुखलं, असं नगं व्हायला."

तिनं हे इतक्या मायेनं म्हटलं की पुढं बोलायला जागा राहिली नाही. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो हातात कालवणाची बादली घेऊन दारात उभा होता. एका शब्दानं तो मला सोडवू शकला असता. त्यानं बादली या हातातून त्या हातात घेतली. का सोडवावं त्यानं मला?

तेवढ्यात पंगतीतून उठून त्याचा म्हातारा बाप दाराशी आला. कचेरीतला माणूस बघायला आला असावा. त्यानं माझ्या ताटाकडं पाहिलं.

"सायबाला काय झालंय?"

"पोट बरं नसतंय त्यांचं," मुलगा म्हणाला.

"कवापासनं?"

"मी कचेरीत आलो तवापासनं."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लय दिस झाले मंग," आणि पंगतीत जाऊन बसला.

मांडवात कुणीतरी हसलं, कशावर ते मला ठाऊक नाही. ताट उचलून बाहेर जाऊन बसायला काय लागत होतं? मला कसलंही दुखणं नाही, मी खोटं बोललो, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच, खोटं कशासाठी. त्या बाईसमोर, तिनं नवं पातेलं आणलेलं असताना, ते मला सांगता येईना. मी खिचडी खाल्ली. ती दोनदा वाढायला आली, दोन्ही वेळा घेतली. बाहेर दिसायला दिसलंच असेल: कचेरीतला एक माणूस आला, वेगळा बसला, वेगळं जेवला आणि गेला. बापाला दाखवायला यापेक्षा रिकामी खुर्ची बरी होती.

सोमवारी बडेबाबूंनी मला गाठलं. नवीन कारकून पलीकडच्याच टेबलावर काहीतरी उतरवून काढत होता.

"गेला होतात म्हणे तिकडं?"

"गेलो होतो."

"मग? काय काय घेतलंत?"

पलीकडची लेखणी थांबली. ती थांबल्याचं मला न बघताही कळलं.

"मुगाची खिचडी," मी म्हणालो. "बिनतेलाची."

बडेबाबूंचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. म्हणजे शुद्ध राहिलात."

कित्येक महिन्यांत जेवणाबद्दल मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. लेखणी पुन्हा चालू झाली. नवीन कारकुनानं मान वर केली नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतर माझ्यासाठी कधीच नाही. आता पन्नाशीला आलोय. विद्यापीठाला नाव मिळालं, कचेरीत पेढे वाटले, मीही एक तोंडात टाकला. पण त्या सोमवारचं सांगायचं ते असं, की बडेबाबूंचा हात पाठीवर असताना मला लाज वाटली नव्हती. ती नंतर आली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. उद्या खिडकीपाशी त्यांच्याशेजारी माझी जागा शाबूत होती.