लाल मणी, निळा मणी

चाकणच्या एका खासगी प्रयोगशाळेत विजयश्री अकरा वर्षं भट्टी सांभाळत होती. मूळची लातूरकडची, आयटीआय शिकलेली. खडकाची पूड वितळवून नकली मॅग्मा करायचा आणि त्यात चिमूटभर युरोपियम घालायचं, हे तिचं काम. युरोपियम हा दुर्मिळ मृदा धातू. भट्टीत ऑक्सिजन भरपूर असला की त्याचे तीन इलेक्ट्रॉन जातात. नायट्रोजन-हायड्रोजनचा गॅस सोडून ऑक्सिजन तोडला की दोनच. वितळलेली पूड थंड होऊन झालेला काचेचा मणी अतिनील दिव्याखाली धरला, की ऑक्सिजनमधला लाल चमकतो, गॅसमधला निळा. जमिनीखालच्या मॅग्म्यात ऑक्सिजन किती होता, हे अभ्यासक यावरून ताडतात.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. शेखर यांनी एकदा मोबाइलवर फर्मान धाडलं : वितळलं की गॅस बंद, थंड होईपर्यंत उधळू नका.

"सर, आत हवा शिरेल," ती जाऊन म्हणाली.

"तू भट्टी बघ. विज्ञान मी बघतो."

निळे यायचे ते मणी लालभडक आले. काम देणाऱ्या प्राध्यापक इंदुताईंसमोर शेखरनी सरळ तिच्याकडे बोट केलं. "अडाणी हात, दुसरं काय!" त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

मोशीला घरी परतताना ती रडली नाही. दात मात्र असे आवळले होते, की रात्री भाकरी चावेना.

पुढं भोसरीत सोपानरावांच्या कारखान्यात ती लागली. तिथं चाचणीची छोटी भट्टी होती. सोपानरावांना विचारून तिनं आठ महिने रविवार तिथंच घालवले. पूड तीच, आच तीच. एका मण्याला थंड होईतो नायट्रोजन-हायड्रोजनचा गॅस, दुसऱ्याचा गॅस मध्येच बंद.

मग ती इंदुताईंकडं गेली. दिव्याखाली एक मणी निळा पेटला, दुसरा लाल. शेजारी तिनं मोबाइल ठेवला. शेखरचा मेसेज उघडाच होता.

इंदुताईंनी मेसेज दोनदा वाचला. "हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा माझ्या बोलण्याला किंमत नव्हती, मॅडम. म्हणून पुरावा शिजवत बसले."

महिन्याभरात इंदुताईंचं काम प्रयोगशाळेकडून दुसरीकडं गेलं आणि शेखरची खुर्चीही. त्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला. "विजयश्रीताई, तुम्ही एक शब्द टाकलात तर... माझी मुलं शाळेत आहेत हो."

"माझीही होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा धनेश पुटपुटला, "झालं ना मनासारखं? आता सोड."

"सोडलं असतं, तर तो अजून कुणाकडंतरी बोट दाखवत बसला असता."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवून चवीनं खाल्ला.