दुपारचं नेट

नवऱ्याला घर स्मार्ट करायची भारी हौस. दिवे, पंखे, गीझर, दारावरची बेल, टीव्ही, सगळं वायफायवर. मला त्यातला फक्त हॉलमधला कॅमेरा हवा होता, तोही आईसाठी. बाबा गेल्यावर तिला गावच्या वाडीतून इकडे एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं, आणि थोड्याच दिवसांत ती बाथरूमच्या दारात घसरून पडली. आम्ही दोघंही नोकरीला मुंबईत. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ती सोफ्यावर बसलेली दिसली, की मला जरा बरं वाटायचं.

आणि नेमकं दुपारीच नेट जायचं. पडद्यावर नुसतं ते गोल फिरणारं चक्र. फोन करावा तर आई म्हणणार, "मी बरी हाय, काय झालं नाय मला." तासाभराने नेट यायचं, पण अर्धी मंडळी रुसलेलीच. बेडरूममधला दिवा नुसता लुकलुकतोय, गीझर ओळखच दाखवत नाही. संध्याकाळी घरी पोचायचं आणि एकेकाची समजूत घालत बसायचं. वीट आला होता अगदी.

राउटर टीव्हीमागून काढून फ्रिजवर ठेवला. पासवर्ड बदलला, म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूला तो नव्याने शिकवणं आलं. नवरा म्हणे, वस्तू फार झाल्यात, राउटरला झेपत नाही. मग आणल्या कोणी, मी विचारलं. एकेक बंद करून पाहिली, फरक शून्य. नेटवाला येऊन वायर बदलून गेला, म्हणाला, "मॅडम, इधर तो फुल आ रहा है." येणारच. तो आला रविवारी, आणि शनिवार-रविवारी आमचं नेट अगदी गुणाचं.

एकदा अंग मोडून आलं म्हणून घरीच राहिले. गोळी घेऊन आत पडले होते. दुपारी बाहेर बटणाचा टक् आवाज झाला आणि हातातल्या मोबाइलचं वायफाय गेलं. उठून आले तर राउटरचे दिवे बंद, आणि आई बाल्कनीच्या दाराशी जमिनीवर बसून पदराने डोळे पुसत होती.

"आई, रोज तूच बंद करतेस?"

"मंग काय करू?" ती म्हणाली. "तुझ्या बाबांची आठवन येते तवा रडते मी. गावाला केळींमागं जाऊन बसायची, कोन बघत नसे. इथं तू त्या डब्यातून बघतेस. तिकडं कामाला गेलेली तू, बाय, तुला हे कशाला दिसायला पायजे?"

मी चिडलेच. परत पडलीस तर मला कळणार कसं, म्हटलं.

"पडले तर बघ की. पन रडताना नको."

मग माझाही आवाज खाली आला. शेवटी एवढंच ठरलं, की बंद करण्याआधी तिने मला फोन करायचा आणि चालू केलं की पुन्हा एकदा.

आई शब्दाची पक्की. आता रोज दुपारी फोन येतो, "बाय, बंद करते गं." मी बरं म्हणते. नेट का गेलं, हे आता शोधावं लागत नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची काहीतरी विचारते, मी उत्तर देते. माझी आई आत्ता रडतेय हे मला माहीत असतं, आणि तिचा दुसरा फोन येईपर्यंत मी तिथेच बसून असते.