बाबांच्या गाडीला दादाचा रंग

माझ्या थोरल्या भावाला आयुष्यात एकच भीती आहे, ती म्हणजे आपल्याला कोणीतरी फसवेल. माणसं आजाराला भितात, म्हातारपणाला भितात. दादा दुकानदाराला भितो. न्हाव्याला भितो, प्लंबरला भितो, शिंप्याला तर फारच. एका मोठ्या कंपनीत तो लोकांनी दिलेली बिलं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रवासखर्चात खोट काढायची आणि संध्याकाळी तेच नाक घेऊन घरी यायचं. त्या नाकाला मग घरातही सगळीकडे लबाडीचाच वास येतो.

म्हणून घरातलं प्रत्येक काम तो स्वतः करतो. "बाहेरचा माणूस बोलावला की त्याने आपल्याला बनवलंच म्हणून समज," असं तो ऐटीत सांगतो. केस स्वतः कापतो, दोन आरशांच्या मधे उभा राहून, आणि मागून बघणाऱ्याला त्याच्या मानेवर पायऱ्या दिसतात. बाथरूमचा नळ त्याने बदलला तेव्हापासून गरम पाणी हवं असेल तर थंडची चावी फिरवावी लागते. पाहुणे आंघोळीला गेले की वहिनी दाराबाहेर उभी राहून सूचना देते. मागच्या खोलीची खिडकी त्याने रंगवली, ती त्या दिवसापासून उघडलेली नाही. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांतली एखादी तो हमखास गाळतो. "ही कमिशनसाठी लिहिलीय." मग खोकला लांबतो आणि दादा म्हणतो, बघा, डॉक्टर बोगस.

हे सगळं मी हसण्यावारी नेत आले होते. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्याच्या नळाने मला काही भाजत नव्हतं. पण बाबांच्या गाडीच्या बाबतीत मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

बाबा वीज कंपनीत लाइनमन होते. मरून रंगाची, गोल दिव्याची, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे टेकायला रबराच्या गाद्या असलेली ती मोटारसायकल त्यांनी तरुणपणी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरून गावोगावचे खांब पालथे घातले. तशी गाडी आता कुठे बनत नाही. रस्त्यात अनोळखी लोक थांबून तिचे फोटो काढायचे. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण रंगाची पार रया गेली होती. मडगार्डला गंज चढला होता आणि टाकीवरचे पोपडे निघत होते.

बाबांच्या खुब्याचं हाड झिजलंय. हृदय अशक्त, त्यामुळे ऑपरेशन नाही. पाय हळूहळू उचलेनासा होणार, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. ते ऐकून घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पाय उचलतोय तोवर एकदा गाडीवर मागे बसायचंय. कालव्याच्या रस्त्याने सबस्टेशनपर्यंत जाऊन येऊ. पण अशी गंजकी नको. जरा रंगवून घ्या. मळकी गाडी घेऊन मी कामावर कधी गेलो नाही."

बाबांनी आमच्याकडे आजवर काहीही मागितलेलं नव्हतं. मी त्याच दिवशी दादाला ओढत कोपऱ्यावरच्या पेंटरकडे नेलं.

तो पेंटरही काही साधुसंत नव्हे. बोलताना समोरच्याकडे बघत नाही. दिलेली तारीख पाळणं त्याला कमीपणाचं वाटतं. गिऱ्हाईकाने काही विचारलं की आधी एक मोठा सुस्कारा टाकतो, जसं काही आपण त्याच्याकडे त्याचं मूत्रपिंड मागितलंय. पण त्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या गाडीच्या टाकीत बघून माणूस दाढी करू शकेल, हेही खरं.

"महिना लागेल," पेंटर गाडीकडे बघून म्हणाला.

"महिना?" दादाने भुवया चढवल्या. "नुसता रंग मारायला?"

"रंग मारायला वेळ लागत नाही. जुना काढायला लागतो. गंज काढायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, घासायचं, अस्तर मारायचं, परत घासायचं."

"जुना काढायचाच कशाला? त्याच्यावरूनच मारा की."

पेंटरने सुस्कारा टाकला आणि तो आत निघून गेला. आम्ही बराच वेळ उभे राहिलो, तो काही बाहेर आला नाही. दादाचा चेहरा जिंकल्यासारखा झाला होता. "पाहिलंस? दोन प्रश्न विचारले की पळतात."

"अरे, काम कर म्हणून सांगायला आलोय आपण, उलटतपासणी घ्यायला नाही."

"तुला व्यवहारातलं काही कळत नाही," दादा म्हणाला. "मी घरीच करतो. रंगच तर मारायचाय."

मग त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. कुठलासा हातमोजेवाला माणूस शिट्टी वाजवत टाकी रंगवतो आणि बघता बघता ती चकाकायला लागते. मधला घासण्याचा भाग दादा पुढे ढकलायचा. ते बघून झाल्यावर तो जेवताना आम्हाला रंगकामावर व्याख्यान देत असे. ब्रश एकदाही हातात न धरलेला माणूस "रंग बसायला श्वास लागतो" वगैरे बोलायला लागला, तेव्हाच मी कपाळावर हात मारला होता.

रंगाच्या दुकानातून तो परत आला तो खुशीतच. दुकानदाराने त्याला म्हणे एक मोठा डबा दिला आणि सोबत एक छोटा. छोट्यात हार्डनर, रंग घट्ट वाळावा म्हणून त्यात मिसळायचा. "मी काय काल जन्माला आलोय? मोठ्याबरोबर छोटा डबा गळ्यात मारायची यांची जुनी युक्ती आहे. ठेवला तिथेच काउंटरवर. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं."

मला रंगातलं काही कळत नाही. पण दुकानदार ज्या अर्थी म्हणाला मिसळायचा, त्या अर्थी मिसळायचा असणार, एवढी अक्कल मला आहे. "घेऊन टाकायचा होतास ना," मी म्हटलं.

"तुझ्यासारख्यांवरच दुकानं चालतात त्यांची."

आधी त्याने अंगणात चादरींचा तंबू ठोकला. पहिल्याच हाताला चिलटं येऊन चिकटली. मग सगळं बिऱ्हाड बैठकीच्या खोलीत आलं. टाकी जेवणाच्या टेबलावर, मडगार्ड पडद्याच्या दांडीला लटकवलेले, बाजूची झाकणं बाबांच्या आरामखुर्चीवर. बाबा स्टुलावर. घरभर पॉलिश पेपरची भुकटी, दुधावरच्या सायीतसुद्धा. चहाला थिनरचा वास. वहिनी बिचारी तोंडाला पदर लावून पोळ्या लाटायची आणि हा तोंडाला रुमाल बांधून "मागे व्हा, मागे व्हा" करत फवारा मारायचा. शिट्टी मात्र त्या व्हिडिओवाल्यासारखी वाजवायचा.

खोटं कशाला बोलू, रंग मारून झाला त्या संध्याकाळी टाकी सुंदर दिसत होती. बाबा स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले. "अशीच होती नवी असताना," ते म्हणाले. मलाही वाटलं, चला, जमलं बुवा याला.

दुसऱ्या दिवशी रंग ओलाच होता. तिसऱ्या दिवशीही. दादा म्हणाला, हवा दमट आहे. मग म्हणाला, पंख्याची धूळ बसते, पंखे बंद करा. मग खिडक्या बंद झाल्या. घरातली माणसं घामाने निथळत होती आणि टाकी होती तशी चिकट. वहिनीचं केस वाळवायचं यंत्र त्याने टाकीवर धरलं, तर रंगाला फोड आले. टेबलावरचा दिवा टाकीला लावून ठेवला, तर एक माशी येऊन अडकली. ती त्याने चिमट्याने काढली, तिचा एक पाय आत राहिला. आणि एवढं झाल्यावर या विद्वानाने काय केलं, तर वरून आणखी एक हात मारला. "वरचा थर बसला की खालचा दबून सुकतो," म्हणे. हे ज्ञान त्याला कोणी दिलं देव जाणे. त्या व्हिडिओवाल्यानेसुद्धा दिलं नसेल.

"अरे, त्या दुकानदाराला तरी विचार," मी सांगितलं.

"म्हणजे तो मला तो छोटा डबा विकेल. तेच तर हवंय त्याला!"

आपण चुकलो हे मान्य करण्यापेक्षा आयुष्यभर ओल्या रंगात राहीन, अशी त्याची तयारी होती. आणि सोबत आम्हीही राहावं, अशी अपेक्षा.

बाबा रोज सकाळी विचारायचे, "वाळला का रे?" दादा रोज सांगायचा, "होत आलाय." हा कार्यक्रम चालू असताना बाबांचा पाय काही थांबला नव्हता. आधी ते काठीच्या आधाराने अंगणातली पायरी उतरायचे. मग एका बाजूने वहिनीचा खांदा लागायला लागला. एकदा दुपारी मी अचानक गेले तर बाबा आतल्या खोलीत दाराची चौकट धरून उभे होते. समोर छोटा पाट होता. त्यावरून पाय पलीकडे टाकायचा ते प्रयत्न करत होते. पाय थोडा वर यायचा, थरथरायचा, खाली जायचा. मला बघून ते खजील होऊन हसले. "सवय ठेवतोय," म्हणाले.

मी तशीच बाहेर आले आणि दादाला धारेवर धरलं. "तुझा रंग गेला खड्ड्यात. आहे तशी गाडी जोड, मी नेते बाबांना."

"आता? या टप्प्यावर?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच वेडी आहे. "एवढी मेहनत घेतलीय मी!"

त्याला बाबांचा पाय दिसतच नव्हता. त्याला फक्त आपली मेहनत दिसत होती. सख्ख्या भावाचा इतका तिटकारा मला आयुष्यात कधी आला नव्हता.

शेवटी त्या पसाऱ्याला वहिनी विटली आणि तिने माहेरी जायचं हत्यार उपसलं, तेव्हा कुठे दादाने गाडी जोडली. एका रविवारी सकाळी ती अंगणात उभी राहिली. भोवती दोरी बांधली होती आणि दोरीला पुठ्ठा लटकत होता, "हात लावू नये". शेजारच्या काकांना बोलावून त्याने त्यांना दोरीबाहेर उभं केलं आणि व्याख्यान सुरू केलं. पेंटर लोक कसे लुटतात, घरच्या कामाची सर कशालाच नसते, वगैरे. काका मान डोलावत होते. लांबून बघितलं तर गाडी खरंच बरी दिसत होती.

बाबा बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. मी त्यांना धरून आणलं. दोरी त्यांनी काठीने बाजूला केली, गाडीजवळ गेले आणि टाकीकडे हात नेला.

"बाबा, हात लावू नका!" दादा ओरडला. "कच्चाय अजून!"

बाबांचा हात हवेतच थांबला.

"अजून किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"थोडेच. दहा-पंधरा म्हणा. ऊन चांगलं पडलं तर..."

बाबांनी दादाकडे बघितलं. रागाने नाही. बिघडलेल्या मीटरकडे बघावं तसं, याचं आता काही होणार नाही अशा नजरेने. मग त्यांनी पंजा उघडला आणि टाकीवर ठेवला. चुकून नाही, तोल जाऊन नाही. सावकाश ठेवला, वर अंगाचा भार दिला आणि उचलला. टाकीवर पाचही बोटांसकट पंजा उमटला होता आणि बाबांचा तळहात मरून झाला होता.

"चावी घे," ते मला म्हणाले. "निघू."

पुढचा सगळा गोंधळ मी सांगत नाही. दादा मडगार्ड, मडगार्ड म्हणून बोंब मारत होता. मी पुढे बसून गाडी तोलून धरली. बाबांनी माझा खांदा पकडून पाय उचलला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. वहिनीने खाली वाकून त्यांची पोटरी धरली आणि पाय पलीकडे टाकला. तिच्या बांगड्यांना रंग लागला, साडीला लागला. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

कालव्याच्या रस्त्याला बाबा माझ्या कानाशी बोलत होते. हा खांब मी उभा केलाय. इथे एकदा तार तुटून पडली होती. तो वळणावरचा तिरका आहे बघ, तेव्हाच सांगितलं होतं साहेबाला. सबस्टेशनच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली. तिथला पहारेकरी नवा होता, त्याला बाबा कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने आम्हाला पुढे व्हायला सांगितलं. बाबांना त्याचं हसू आलं. "बरोबर आहे त्याचं. इथे गाडी लावायची नसते. मीच लावू द्यायचो नाही," ते म्हणाले. थोडा वेळ आतल्या ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकली आणि आम्ही वळलो.

घरी उतरताना पाय वर आलाच नाही. गाडी आडवी कलंडवून मी आणि वहिनीने बाबांना काखेत धरून ओढून काढलं. त्यांची पँट, माझी ओढणी, सगळं मरून झालं होतं. गाडीवर रस्त्यावरची धूळ जाड थराने बसली होती. आता बाबा गाडीवर पुन्हा बसणार नाहीत हे मला समजलं आणि त्यांनाही समजलं होतं. मला रडू येत होतं, पण दादासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं.

दादा आमच्याकडे बघतच नव्हता. तो उकिडवा बसून टाकी न्याहाळत होता आणि त्याच्या हातात पॉलिश पेपर होता. "सगळं पहिल्यापासून घासावं लागणार," तो म्हणाला.

"घास की," बाबा म्हणाले. "तुला कुठे घाई आहे?"

आणि दादाने खूश होऊन मान डोलावली. त्याला वाटलं, बाबा धीर देतायत.