बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं

घशातल्या गाठी काढून घेतल्यावर मी मुंबईहून थेट लोहाऱ्याला, सासरी आले. निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पुढच्या तपासणीपर्यंत तोंडातून एक शब्दही काढायचा नाही. "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं जास्त ताण पडतो," ते म्हणाले होते. मी मान हलवली होती. त्या दिवसापासून मान हलवणं एवढंच माझं बोलणं झालं.

बोलणं हाच माझा धंदा. दुपारच्या वेळी बायकांसाठी एक कार्यक्रम लागायचा, त्याची मी सूत्रसंचालिका होते. गप्पा, स्वयंपाक, पाहुण्या, मधूनच रडारड. सुरुवातीला मी हात पसरून म्हणायची, "या, बसा, बोला!" हे तीन शब्द लोकांनी इतके उचलले की बाजारात, लग्नात, एसटीत मला बघितलं की अनोळखी बाया तेच म्हणत हसायच्या. शूटिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं. आवाज बसला की गरम पाणी प्यायचं, लवंग चघळायची आणि पुढचा भाग करायचा. असं करता करता एक दिवस कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला.

माझे यजमान लोहारा तालुक्यातल्याच एका शाळेवर शिक्षक. मुलगी सहावीत. ती त्यांच्याजवळ आणि सासूबाईंजवळ राहायची. मी मुंबईत भाड्याच्या खोलीत, आणि जमेल तेव्हा गावी. हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि लेकीला ते कधीच आवडलं नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई दारात आल्या. मी हात जोडले आणि हसले. त्या वाट बघत राहिल्या.

"काय ओ, टीव्हीवर तर लई बोलती तुमची सून. आमच्याशी बोलंना व्हय?"

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मौन धरलंय तिनं. येरमाळ्याच्या येडाईला नवस हाय."

बाई गेल्यावर यजमान बाहेर आले. "आई, खोटं कशाला सांगायचं?"

"मग काय सांगू? घशात गाठ व्हती म्हनून सांगू? उद्या सगळं गाव म्हनंल, हिला कॅन्सर झालाय. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

"ती सहावीत आहे, आई."

"पोरी वाढायला काय येळ लागतोय?"

मी मध्ये उभी होते. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. कारण डॉक्टरांनी गाठी साध्या आहेत असं सांगितलं असलं, तरी तपासणीला दिलेल्या तुकड्याचा निकाल अजून यायचा होता. ते मी आत्यांना सांगितलं नव्हतं. यजमानांना मोबाईलवर लिहून दाखवलं होतं. त्यांनी वाचलं आणि मोबाईल माझ्या हातात परत देताना माझी बोटं जरा जास्त वेळ धरून ठेवली.

दुपारी आमच्या घरात टीव्ही लागायचाच. मी नसताना माझ्या जागी चॅनेलनं एक नवी मुलगी उभी केली होती. चुणचुणीत, गोड हसणारी. माझ्याच सोफ्यावर बसून ती "या, बसा, बोला!" म्हणायची. निर्मात्यांचे मेसेज यायचे, "ताई, आराम करा, घाई नाही." आधी ते रोज यायचे, मग एक दिवसाआड, मग थांबले.

लेक भिंतीला टेकून तो कार्यक्रम बघायची. एकदा माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही बरी बोलते." मग थोड्या वेळानं, "हिला पोरगी न्हाय ना?"

मी मान हलवली, म्हणजे मला माहीत नाही. ती उठून अंगणात गेली. तिला हाक मारून परत बोलवावं असं फार वाटलं. पण नुसती टाळी वाजवून पोटच्या पोरीला बोलवायचं मला जमेना.

आत्यांच्या नवसाची गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली. जो तो विचारायला लागला, नवस कधी फेडणार? शेवटी आत्यांनीच ठरवलं. "खोटं बोलले खरं, पर देवीचं नाव घेतलंय. जाऊन यायलाच पायजे." मंगळवारी सकाळी यजमानांनी मित्राची गाडी आणली आणि आम्ही चौघं धाराशिवमार्गे येरमाळ्याला निघालो. थंडीचे दिवस होते. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यावर कानठळ्या बसवणारी गाणी. लेक खिडकीला कपाळ लावून बसली होती. पिवळा ड्रेस तिनं स्वतः काढून घातला होता आणि दोन वेण्या आत्यांकडून घालून घेतल्या होत्या. माझ्याकडून नाही.

देवळाजवळ पोचलो तेव्हा गर्दी होती. यजमान गाडी लावायला गेले. आत्या नारळ-ओटीच्या दुकानावर थांबल्या. मी आणि लेक पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होतो. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला होता, पण एका बाईनं वाकून बघितलंच.

"अगं बया! ही तर 'या, बसा, बोला'वाली!"

बघता बघता बाया जमल्या. कुणी हात हातात घेतला, कुणी गालाला हात लावला. "एकदा म्हना की ओ ते!" मी घशाकडं बोट दाखवलं, हात जोडले. एकीनं दुसरीला सांगितलं, "बोलत न्हाय बघ." दुसरी म्हणाली, "आपल्याशी कशाला बोलंल?" तरीही फोटो सगळ्यांना हवा होता. मोबाईल पुढं झाले. मी हसत राहिले. तेवढं मला चांगलं येतं.

तेव्हाच एका बाईनं आपला मोबाईल माझ्या लेकीच्या हातात दिला. "बाळा, काढ गं आमचा सगळ्यांचा फोटो. जरा मागं सरक. अजून मागं."

लेक मागं सरकली. तिनं मोबाईल डोळ्यासमोर धरला, फोटो काढला, त्या बाईला मोबाईल परत दिला. हे सगळं मी बघत होते. 'ती माझी मुलगी आहे' एवढं एक वाक्य मला म्हणता आलं नाही. मी तिच्याकडं हात केला. मध्ये आणखी दोघी आल्या, लेकरं कडेवर घेऊन. त्या बाजूला झाल्या तेव्हा तिथं पिवळा ड्रेस नव्हता.

आधी वाटलं, आत्यांकडं गेली असेल. आत्या ओटीचं सामान घेऊन एकट्याच येत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला. "पोरगी कुठंय?"

मी दोन्ही हात उघडे केले.

"अगं, कुठंय म्हनजे?"

यजमान गाडी लावून आले. त्यांना कळायला क्षणभर लागला. ते तिचं नाव घेत पायऱ्यांवरून वर धावले. आत्या तिथंच खाली बसल्या. मी गर्दीत शिरले. आयुष्यात माझ्या आवाजाची मला एवढी गरज कधी पडली नव्हती. शेकडो माणसांच्या पाठी, डोकी, टोपल्या, आणि त्यांच्यात कुठंतरी माझी पोर, आणि मी तोंड मिटून चालतेय. एकदा तोंड उघडलं. हवा आत घेतली. डॉक्टरांचा चेहरा समोर आला. मिटलं. लगेच स्वतःचाच राग आला, की अशा वेळी मला घशाची आठवण कशी होते.

मोबाईलवर लिहिलं, 'माझी मुलगी हरवली आहे. पिवळा ड्रेस, दोन वेण्या.' समोर येणाऱ्या बाईला दाखवलं. तिनं स्क्रीनकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "मॅडम तुमी? थांबा थांबा, फोटो..." मी मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. ती लांब धरून बघत म्हणाली, "चष्मा न्हाय आनला ओ." पुढच्या बाईनं मात्र वाचलं. हिरवं लुगडं, कपाळाला मळवट, माझ्या आईच्या वयाची. तिनं मोठ्यांदा वाचलं, आणि सगळ्यांकडं वळून ओरडली, "बायांनो, फोटो बास करा! हिची पोरगी हरवलीया!"

गर्दीचा चेहरा बदलला. मघाशी ज्या रुसल्या होत्या त्याच आता इकडं तिकडं बघायला लागल्या. बांगड्यांच्या दुकानातली एक जण म्हणाली, "तसली एक पोरगी खाली रस्त्याकडं गेली की. डोळं पुशीत चालली व्हती. म्या म्हनलं, मायबाप मागनं येत असतील."

खाली रस्ता म्हणजे हायवे.

हिरव्या लुगड्याच्या बाईनं माझं मनगट धरलं. "नाव काय पोरीचं?"

मी लिहून दाखवलं.

"चल. तुला बोलता येत न्हाय ना? म्या वरडते तुझ्याबदली."

आणि ती ओरडत निघाली. माझ्या लेकीचं नाव, एका अनोळखी बाईच्या खणखणीत आवाजात. आम्ही उतारानं पळत होतो. ती हाक मारायची, मग दोघी कान देऊन थांबायचो, मग पुन्हा पळायचो. उत्तर येत नव्हतं. एक रिक्षावाला म्हणाला, धाराशिवची गाडी कुठं मिळंल म्हणून एका मुलीनं विचारलं होतं. बाईला पुढं धाप लागली. ती कमरेवर हात ठेवून मागं राहिली आणि मला पुढं जायची खूण करत राहिली.

हायवेला पोचले तेव्हा लेक मला दिसली. रस्त्याच्या पलीकडं, एका हॉटेलच्या पत्र्याखाली, गाडीची वाट बघत. माझ्या बाजूला एक एसटी येऊन थांबली होती, धाराशिवकडं तोंड करून. लेकीचं सगळं लक्ष त्या गाडीवर होतं. मी तिला दिसले नव्हते. मधून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, गाणी लावून, डुगडुगत. त्याची दुसरी ट्रॉली पुढं सरकली की लगेच पळायचं, म्हणून ती एक पाय पुढं टाकून उभी होती. त्या ट्रॉलीच्या आडून एक गाडी भरधाव पुढं निघत होती. ती मला दिसत होती. तिला दिसणं शक्य नव्हतं.

मी ओरडले, "थांब!"

तो आवाज माझा नव्हता. काहीतरी फाटल्यासारखा, जाड, कुठून आला कोण जाणे. गाण्याच्या वरून तो तिच्यापर्यंत गेला. ती जागच्या जागी थिजली. गाडी हॉर्न वाजवत तिच्यासमोरून निघून गेली, इतक्या वेगानं की तिचा ड्रेस हलला. घशात जाळ झाला होता. तोंडात रक्ताची चव आली.

रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. तिला घट्ट धरलं. तिनं माझ्या दंडावर बुक्की मारली.

"तुला बोलायचं न्हाय ना? डॉक्टरनं सांगितलंय ना? मग कशाला बोललीस?"

आणि ती रडायला लागली. रोज माझ्याकडं पाठ फिरवणाऱ्या या पोरीला डॉक्टरांचा शब्दन् शब्द पाठ होता. "मला घरी जायचं व्हतं," एवढंच ती म्हणत राहिली.

हिरव्या लुगड्याची बाई धापा टाकत आली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला म्हणाली, "आईला सोडून जात्यात व्हय गं?" मग माझ्याकडं बघून, "आन् तू तर काय, गर्दीत लेकराचा हात सोडतीस." तिनं फोटो मागितला नाही. माझं नावही विचारलं नाही. यजमान येईपर्यंत आमच्याजवळ थांबली आणि परत चढण चढायला लागली.

त्या दिवशी दर्शन झालं नाही. परतीच्या वाटेवर आत्यांनी एकदा डोंगराकडं वळून हात जोडले.

मुंबईत डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. टाके नव्हते, पण भरत आलेली जखम उसवली होती. आधीच्या तपासणीचा निकाल चांगला आला होता. गाठी साध्याच निघाल्या. "पण आवाज पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. पुन्हा मौन, मग औषधं, मग लहान मुलासारखं 'आ' आणि 'ऊ' म्हणायचे व्यायाम. आवाज परत आला तो खालच्या पट्टीत, कडा खरखरीत. चॅनेलनं मला एकदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "या, बसा, बोला," मी म्हणाले. कंट्रोल रूममधून कुणी काही बोललं नाही, तेव्हाच मला कळलं. निर्माते बाहेर येऊन फार आदरानं बोलले. ती नवी मुलगी माझ्या पाया पडली. लिफ्टमध्ये मी एकटी होते, तिथं रडून घेतलं.

काही महिने घरी बसले. यजमानांनी धीर दिला, पण रात्रीच्या जेवणाला बसलं की दोघांनाही पुढचं सुचत नसे. नंतर एका छोट्या वाहिनीनं आठवड्यातून एकदा होणारा मुलाखतींचा कार्यक्रम दिला. त्यात मी कमी बोलते. या आवाजाला लांबलचक वाक्यं झेपत नाहीत. आठवड्यातले बरेच दिवस आता लोहाऱ्यात असते. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लेक अजून रागावते, आणि मी मुंबईला निघाले की बॅगेकडं बघत नाही.

परवा तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. निघण्याआधी तिनं मला बजावलं, "तू स्टेजवर जायचं न्हाय. खाली बसायचं. सगळ्यांसारखं." मी सतरंजीवर आत्यांच्या शेजारी बसले. मुख्याध्यापकांनी मला ओळखलं आणि माईकवरून दोन शब्द बोलायला बोलावलं. टाळ्या झाल्या. माना माझ्याकडं वळल्या. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि उठले नाही. पुन्हा बोलावलं, तरी उठले नाही. मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, ते ऐकू आलं. आत्या माझ्याकडं बघायला लागल्या.

पडद्याच्या फटीतून एक डोळा दिसत होता. माझी लेकच असावी. मग गाणं लागलं आणि पडदा वर गेला.