सुमनबाईनं काढलेली वयं

आमच्या नाशकात एका टॉकीजला बायकांच्या दारावर सुमनबाई तिकिटं फाडायची आणि मी बाहेर शेंगा विकायचे. मी दुसरीपर्यंत शिकलेली, ती तेवढीही नाही. हे मी तिच्यापुढं मिरवायचे. पण डोकं तिचंच चालायचं.

ब्याऐंशी साली मुखवटा घालून उडणाऱ्या एका वीराचा पिक्चर लागला. सुमनबाई तो दिवसाला तीनदा बघायची आणि मध्यंतरात बायका जमवून त्यातल्या माणसांची वयं काढायची.

"हा उडणारा जत्रेत हरवला तेव्हा पाच वर्षांचा. त्याच दिवशी दाढीवाल्यानं त्याच्या बापाला मारलं अन् तो तुरुंगात गेला. वीस वर्षांनी सुटला. बरोबर?"

"बरोबर."

"मग दाढीवाल्याची पोरगी, जिच्यावर हा भाळलाय, ती अठराची कशी? आली कुठून?"

"तुरुंगाला खिडकी असेल गं!" लताबाई म्हणाली.

"खिडकीतून डबा जातो बाई, पोर नाही येत!"

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. काही जणी तर पिक्चरपेक्षा तिलाच ऐकायला यायच्या.

तिचा दीर कारभारी तिथंच तिकीटखिडकीवर कारकून होता. नवरा गेल्यावर सुमनबाईनं त्याच दारावरच्या पगारावर दोन पोरी उजवल्या, दिरापुढं हात पसरला नाही. तेच त्याला खुपायचं. त्याला तिथं आपली मेव्हणी बसवायची होती.

टॉकीजचा मालक बदलला. नव्या शेठनं हुकूम काढला, अठ्ठावन्न झाले त्यानं घरी जायचं. कामगारांची वयं लिहायचं काम कारभारीकडं आलं. त्यानं सुमनबाईपुढं लिहिलं बासष्ट.

खरी ती पन्नासची. आम्ही बायका वय सिंहस्थावर मोजतो. ती एका सिंहस्थात जन्मली, मागच्या सिंहस्थाला चार फेरे झाले, म्हणजे अठ्ठेचाळीस, वर दोन. पण शेठला कागद हवा, आणि कागद कारभारीचा.

शेठनं तिला बोलावून कारभारीसमोरच यादी वाचून दाखवली. मी शेंगांची टोपली दाराशी टेकवून ऐकत उभी. मला वाटलं, आता ही रडणार. पण मध्यंतरात दाढीवाल्याचा हिशेब मांडायची तसे तिचे डोळे बारीक झाले.

"शेठ, भावजींचं वय काय लिहिलंय?"

"सत्तेचाळीस."

"भावजी, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही केवढे होता हो?"

हा किस्सा कारभारी चहाच्या प्रत्येक कपाला सांगायचा. वहिनी तेराची, मी दहाचा, मुंडावळ्या सुटायच्या आधीच मला गोट्यांत हरवलं. शेठनंही दोनदा ऐकला होता.

"दहाचा," शेठच बोलला.

"तीन वर्षांचं अंतर. मी बासष्टची, तर हे एकोणसाठचे. नाहीतर माझ्या लग्नात हे जन्मलेच नव्हते, मग गोट्या कोण खेळलं विचारा."

कारभारीचा चेहरा पडला. "चूक झाली शेठ, घाईत लिहिलं. वहिनी पन्नासच्याच."

शेठनं पेन काढलं. "खोडू का बाई? दोघंही राहाल."

तिला एवढंच म्हणायचं होतं, खोडा. दार तिचं होतं, पगार तिचा होता. मी टोपलीमागून मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"कशाला खोडता?" सुमनबाई म्हणाली. "शिकलेल्या माणसानं लिहिलंय. बासष्टच राहू द्या, अन् भावजींचे एकोणसाठ. शाई कुठाय?"

"वहिनी! तुमचीही भाकरी जाईल!"

"जाऊ दे. तुमच्या भावाला शेवटचा ताप होता तेव्हा मी दारी आले होते तुमच्या. तुम्ही आतून म्हणालात, कारभारी घरी नाहीत."

तिनं अंगठा उमटवला, चांगला दाबून. शेठ हुकूम मोडणारा नव्हता. पहिल्या तारखेला दोघं घरी. मेव्हणीसाठी शब्द टाकणारा उरला नाही, दारावर शेठनं त्याच्या गावचा माणूस बसवला.

मग सुमनबाई माझ्याशेजारी फुटाणे घेऊन बसू लागली. कमाई निम्मी. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना," ती पुडी बांधत म्हणाली. "भावजी नोकरीच्या धसक्यानं दोनच महिने आजारी पडले म्हणे. मला वाटलं होतं, निदान सहा पडतील."