जागा धरायला बदनापूरपर्यंत

आमच्या घरात रेल्वेचा जाणकार म्हणून मी ओळखला जायचो, कारण आयुष्यात एकदा मी रेल्वेत बसलो होतो, तेही उभ्यानं.

बाकी सगळं घर एसटीतलं. जालन्याच्या स्टँडवर तीर्थपुरीची गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, मग दारात धक्के खात निवांत चढायचं. (रुमाल पडला की जागा आपली. यावर मराठवाड्यात वाद होत नाही.) त्यामुळं परभणीला भाचीचं लग्न निघालं आणि अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, "रेल्वेनं ये, जल्दी पोचशील" असं फर्मावलं, तेव्हा मी बायकोला, मंगलला, तीन सूचना दिल्या. गाडीच्या तासभर आधी स्टेशन गाठायचं. डब्यावरचा बोर्ड वाचायचा. आणि कुणाला काही विचारायचं नाही, विचारलं की लोक अडाणी समजतात!

"आन् चुकलं तं?"

"मी हाये ना!"

"म्हनूनच इचारून राह्यले."

लग्न त्याच दिवशी दुपारी होतं आणि मंगलच्या हातातल्या पिशवीत मामाकडची, म्हणजे माझ्याकडची, पिवळी साडी होती. ती नेसल्याशिवाय नवरी गौरीहर पुजायला बसत नाही, आणि गौरीहर पुजल्याशिवाय मंडपात येत नाही. थोडक्यात, अख्खं लग्न त्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं!

सकाळी स्टेशनात शिरलो तर गाडी उभीच! तासभर आधी! डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: मुंबई–नांदेड. परभणी नांदेडच्या वाटेवर आहे, एवढा भूगोल मला येतो. दाराशी ही गर्दी. मी रुमाल काढला, पण रेल्वेचं बाक केवढं लांब! तिथं रुमालाला कोण भीक घालतो? तेवढ्यात एक बिनगजाची खिडकी दिसली. मी मंगलच्या हातातली पिशवी ओढली आणि आत भिरकावली.

"अवो, साडी हाये त्यात!"

"असू दे! जागा पक्की झाली!"

पिशवी एका पांढऱ्या दाढीवाल्या चाचांच्या मांडीवर पडली. मी गर्दीत मुसंडी मारून आत पोचलो, पिशवीशेजारी ऐसपैस बसलो आणि खिडकीबाहेर पाहिलं. मंगल एका हमालाशी बोलत होती. (तिसरी सूचना मोडली!) मग ती माझ्याकडं बघून दोन्ही हात हलवायला लागली. मला वाटलं, कौतुक करतेय.

"उतरा! अवो, उतरा!"

"तू चढ की आधी!" मी ओरडलो, आणि गाडी हलली.

"किधर जाना?" चाचांनी विचारलं.

"परभणीला."

"परभनी? वो तो उलटी तरफ. ये बंबई जारी, मियाँ."

"अहो, बोर्डावर नांदेड लिहिलंय!"

"नांदेडसे आरी, इसलिए लिखे. जाओ या आओ, बोर्ड एकीच रैता. एसटी है क्या, कंडक्टर पाटी बदलेगा?"

साडी मुंबईकडं, नवरी परभणीत, बायको जालन्यात! त्यात अक्काचा फोन.

"कुठं हाईस रे?"

"गाडीत बसलो," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

बदनापूरला गाडी थांबली. चाचांनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "उतरो जल्दी! सामनेसे तुम्हारी गाडी आरी, उसके वास्तेच ये रुकी."

मी पिशवी पोटाशी धरून पूल ओलांडला. समोरच्या गाडीत चढण्याआधी पाच जणांना विचारलं. "परभणी? नक्की? तुम्ही स्वतः परभणीला चाललात?" ड्रायव्हरलाही विचारणार होतो, पण इंजिन फार लांब होतं. (आमचं तिकीट जालन्यापासूनचं होतं. मधल्या अंतराविषयी आपण न बोललेलं बरं.)

गाडी जालन्यात शिरली तेव्हा मंगल फलाटावर रडवेली उभी होती. मला खिडकीत पाहून ती आधी हसली आणि मग रागावली. तिचं ते आधी हसणं पाहून मला इतका आनंद झाला की जरा अंगातच आलं.

"ये, बैस! जागा धरायला बदनापूरला गेल्तो!"

परभणीपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डब्यातल्या बाकी सगळ्यांशी मात्र बोलली आणि सगळा डबा माझ्याकडं वळून वळून पाहत राहिला.

साडी वेळेत पोचली. तिच्यात भाची इतकी गोड दिसत होती की माझे डोळे भरून आले. मंगलाष्टकांआधी गुरुजींनी माईकवर पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावं!" मी फेटा सावरत ऐटीत उठलो.

तेवढ्यात अक्का ओरडली, "मंगल, तू बी संगं जाय गं! न्हाई तं ह्यो पोरीला शेजारच्या लग्नात उभी करून येईल!"

वऱ्हाडी खदाखदा हसले. मी रागावणारच होतो. पण शेजारच्या कार्यालयात खरंच लग्न होतं, आणि नवरीच्या खोलीतून निघाल्यावर आपला मंडप डावीकडं की उजवीकडं, हे मला अजिबात माहीत नव्हतं.