बंदुकीवर बसलेली आक्का

आक्का गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी भिंगारच्या घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच पुसली आणि कर्जतची एसटी धरली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कर्जतच्या पुढे, हरणांच्या माळाला लागूनच तिचं घर. दहाव्याला चार माणसं चार शब्द बोलली आणि शेवटी तिचा मुलगा संपत उभा राहिला. म्हणाला, "मामानं सायबाची बंदूक आडवली म्हनून ह्या माळाव आज हरनं हायेत. आई शेवटपातूर हेच सांगत हुती." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मी खाली बघत राहिलो, आणि लोकांना वाटलं, भावाला दुःख आवरत नाहीये... दुःख होतंच. पण ती बंदूक मी अडवली नव्हती. ती गाडीत मी ठेवली होती. अडवली आक्कानं, एकटीनं. एवढी वर्षं हे मी कुणाला बोललो नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. मी भिंगारला एका कचेरीत हंगामी कारकून होतो, आणि कायम होणं साहेबांच्या मर्जीवर होतं. साहेबांना काळवीट बघायची हौस. सफारीला जायचंय, म्हणायचे. माळ तेव्हाही वनखात्याचं राखीव रान होता, पण अभयारण्याची पाटी लागायला अजून अवकाश होता. जीपचा आवाज आला की कळप टेकाडाआड पळायचा. माणूस पायी दिसला तरी तेच. पण बैलगाडीला मात्र हरणं भीत नसत. बैलांकडे ती आपल्यातलंच एखादं जनावर बघावं तशी बघत, आणि गाडीत बसलेला माणूस त्यांना जणू दिसतच नसे. दाजींना दम्याचा त्रास, त्यामुळे गाडी आक्काच हाकायची, आणि ती किती जवळ जाते याची बढाई तिच्या तोंडून सगळ्या बाजारानं ऐकलेली होती. "माझ्या हरनांच्या पापन्या मोजून दाखवीन," म्हणायची. ही बढाई मी साहेबांच्या कानावर घातली. बहिणीचा अभिमान होता, हे खरं. नोकरीचाही विचार होता, हेही खरं.

साहेबांची जीप आक्काच्या दारात थांबली. खाली उतरताना त्यांनी माझ्या हातात एक वळकटी दिली. "सांभाळून ठेव. बहिणीला सांगायचं कारण नाही." सतरंजीतून नळी हाताला लागत होती. मी ती दोन्ही हातांवर आडवी धरून नेली आणि गाडीतल्या कडब्याखाली सारली. आक्का पाखऱ्या बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "काय रं, झोपायला आलाय का सायेब?"

"बसायला मऊ लागतं त्यांना," मी म्हणालो.

"असू दे बाबा. मोठ्या मान्साचं बूड बी नाजूक," ती म्हणाली, आणि गाडी निघाली.

वाटेत ती साहेबांना माळ दाखवत होती, स्वतःची बाग दाखवावी तशी. ही तरवडं, हा पाणवठा, हितं माद्या पिल्लं ठेवत्यात. मध्येच मागं वळून मला म्हणायची, "तू का रं गप? काय बोलायचंय का?" मी मान हलवायचो. तिनं दोनदा विचारलं...

कुसळी गवताच्या उतारावर कळप दिसला. पुढं एक पूर्ण काळा नर, पिळदार शिंगांचा. आक्कानं बैलांचा वेग जराही न बदलता गाडी तिरकी घेतली, आणि खरोखर पापण्या दिसाव्यात इतक्या जवळ आम्ही गेलो. मागं सतरंजी सुटल्याचा आवाज आला. साहेबांनी बंदूक गुडघ्यावर घेतली. मी समोर बघत राहिलो. आक्कानं वळून बघितलं, कासरा माझ्या मांडीवर टाकला आणि धावत्या गाडीतून उतरावं तशी टुणकन खाली उतरली. पदर खोचला आणि सरळ कळपाच्या दिशेनं चालू लागली, बंदुकीच्या आणि काळविटाच्या बरोबर मधून.

"अहो बाई! बाजूला व्हा! अरे, तिला बोलव!" साहेब ओरडले. मी कासरा धरून बसलो.

पायी चालणारं माणूस दिसल्याबरोबर कळप उडाला. बघता बघता माळ रिकामा. आक्का कमरेवर हात ठेवून हरणं नाहीशी होईपर्यंत बघत राहिली, मग सावकाश परत आली.

"सायेब, ही माझी गाडी हाय. हिला ती भीत न्हाईत. आज हितनं बार निघाला आन उद्या माझ्या कडब्याच्या गाडीला बगून बी ती पळाय लागली, तर त्यास्नी समजवाय कोन जानार? तुमी?"

साहेब काहीतरी कायद्याचं बोलले. आक्कानं ऐकूनही घेतलं नाही. बंदूक त्यांच्या हातातून काढली, सतरंजीत गुंडाळली, पुढं ठेवली आणि वर ऐसपैस बसली. "मऊ हाय खरंच," मला म्हणाली, आणि घरापर्यंत तशीच बंदुकीवर बसून गाडी हाकत आली. दारात साहेब तसेच जीपकडे निघाले, तर हिनं वाट अडवली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई. पाव्हनं हायसा." साहेबांनी मुकाट्यानं पिठलं-भाकरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्यामुळं की कशामुळं, कोण जाणे.

माझं कायम होणं लांबलं. आणि मी, नालायक, राग धरला तो आक्कावर. पुढच्या वर्षी दुष्काळ ऐन भरात होता, आक्का दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि मी भाऊबीजेला गेलो नाही. नंतर गेलो तेव्हा तिनं ओवाळलं, आणि हसत एवढंच विचारलं, "सायेब बरा हाय ना? बूड बरं हाय?" त्या हसण्याखाली दडून मी बोलायचं टाळलं. ते टाळणंच पुढं सवयीचं झालं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी संपतला म्हटलं, मला माळावर ने. गाडी तीच, बैल वेगळे, घुंगरमाळ तीच. वाटेत त्याला सगळं सांगितलं. वळकटी, माझं गप्प बसणं, सगळं. तो हसला.

"आई म्हनायची, मामाला इचारलंस तर कबूल व्हायचा न्हाई. लई लाजरा हाय त्यो."

"अरे, खरंच मी..."

"व्हय व्हय, मामा."

तेव्हा कुठं मला उमगलं. दोन्ही हातांवर आडवी धरलेली ती वळकटी तिनं बघितली होती. अंथरूण कुणी तसं नेत नाही. वाटभर ती मला बोलायची संधी देत होती. मी ती घेतली नाही, तर तिनं मी न केलेलं काम माझ्या नावावर करून टाकलं, आणि मी कबूल केलं तरी कुणाला पटू नये, अशी वर कडीही लावून गेली. म्हणून हे इथे लिहिलं. संपत, तू तरी वाच.

उतारावर कळप चरत होता. संपतनं गाडी तिरकी घेतली. तिच्या जागेवर मी बसलो होतो. घुंगरांच्या आवाजानं एका काळविटानं मान वर केली, बैलांकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं असेल... आणि पुन्हा मान खाली घालून गवताला लागलं.